जुना बाजार : सस्त्या सौद्याचा इतिहास

जुनी वस्तू स्वस्तात मिळाली की ती चार लोकांना दाखवायची हौस असते. ‘ओळखा पाहू, केवढ्याला मिळाली असेल?’ समोरचा म्हणतो पाचशे. मग आपण मोठ्या ऐटीत सांगतो, ऐंशी! मलाही हा नाद आहे. सोलापूरला गेलो की रद्दीची दुकानं, हैदराबादला गेलो की रविवारचा अबिड्सचा फुटपाथ, मुंबईला गेलो की मटन स्ट्रीट. शिक्षकाच्या पगारात घर चालवून जे उरतं त्यात उर्दूची जुनी पुस्तकं, एक पितळी पानदान, निजामाच्या काळातले चारमिनारचं चित्र असलेले दोन-तीन रुपये एवढी माझी जमवाजमव.

पण इतिहास वाचणाऱ्या माणसाला एक प्रश्न पडायला हवा. ही वस्तू माझ्यापर्यंत आली कशी? पानदान काही कुणी हौसेनं विकत नाही. त्यावर एखाद्या बाईचं नाव कोरलेलं असतं, ते तिच्या लग्नातलं असतं. ते बाजारात आलं म्हणजे त्या घरात काहीतरी घडलं होतं. राज्यं कशी आली नि गेली हे आपल्या पाठ्यपुस्तकांत असतं. राज्य गेल्यावर घरातल्या भांड्यांचं, कपाटांचं, कागदांचं काय झालं हे त्यांत सापडत नाही. ते शोधायचं तर जुन्या बाजारात जावं लागतं.

लिलाव, हर्रास, बोहारीण

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीतला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांशी व्यापार झाला, तिथून तो भाषेत शिरला. आमच्या मराठवाड्यात मात्र जुनी माणसं आजही ‘हर्रास’ म्हणतात. जत्रेतल्या जागांची हर्रासी, झाडांची हर्रासी. हा शब्द उर्दूतल्या ‘हर्राज’चा आणि तो अरबी ‘हराज’चा. आमच्या भागातून सौदीला कामाला गेलेल्यांना हा शब्द नवा वाटत नाही. रियाधमध्ये जुन्या सामानाचा मोठा बाजारच ‘हराज’ नावानं ओळखला जातो. तिथं खोली घेतली की पलंग, फ्रीज, कूलर तिथूनच आणतात आणि परत यायच्या वेळी तिथंच विकून येतात.

शहरातली बोहारीण वाचकांना आठवत असेल. जुन्या साड्या-पॅंटी द्यायच्या आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं. गुजरातेतल्या वाघरी, आता देवीपूजक म्हणवणाऱ्या समाजातल्या बायकांनी हा धंदा मुंबईपासून दिल्लीपर्यंत पसरवला. दिल्लीच्या रघुबीर नगरात या कपड्यांचा भल्या पहाटे बाजार भरतो. तिथून ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा आठवडी बाजारांत येतात. एखाद्या मजुराच्या अंगावरचा सदरा असा तीन-चार हातांतून आलेला असतो. प्रत्येक हातात दोन पैसे राहिलेले असतात.

‘चोर’ हे नाव

आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध जुना बाजार मुंबईचा, भेंडी बाजाराजवळचा. मटन स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. त्याला चोर बाजार म्हणतात. मूळ नाव ‘शोर बाजार’ होतं, गोंगाटामुळे पडलेलं, आणि इंग्रजांच्या जिभेवर त्याचं ‘चोर’ झालं, अशी गोष्ट सांगितली जाते. दुसरी गोष्ट राणी व्हिक्टोरियाच्या व्हायोलिनची. जहाजातून उतरताना ते हरवलं आणि मग या बाजारात विकायला दिसलं म्हणे. दोन्ही ऐकीव गोष्टी. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला या नावाचा त्रास होतो. या गल्ल्यांतले बहुसंख्य दुकानदार मुसलमान. बाहेरून येणारा गिऱ्हाईक मनात आधीच धरून येतो की हा माल चोरीचा आहे, म्हणून याला कमी पैसे दिले तरी पाप नाही. चोरीचा माल कुठल्याच जुन्या बाजारात अजिबात येत नाही असं मी म्हणणार नाही. पण दुकानात बसून, चहा घेऊन, शांतपणे विचारलं तर कळतं की बहुतेक माल सरळ मार्गानं आलेला असतो. दक्षिण मुंबईतल्या बंद झालेल्या घरांमधलं शिसवी फर्निचर. मुलंबाळं परदेशी गेलेल्या पारशी कुटुंबांची घड्याळं आणि काचसामान. बंद पडलेल्या इराणी हॉटेलांच्या खुर्च्या. दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचे दिवे, होकायंत्रं, पितळी खिडक्या. बंद टॉकीजमधली सिनेमाची पोस्टरं. एका शहरातल्या किती जमातींचे सुगीचे दिवस संपले, त्याची यादी या दुकानांत टांगलेली आहे.

शुक्रवारी मटन स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार बसतो. चादर पसरायची, तिच्यावर चार्जर, नळ, चपला, बाहुल्या, रिमोट. दुकानातल्या ग्रामोफोनचा गिऱ्हाईक वेगळा आणि या चादरीवरचा वेगळा. चादरीपाशी बसलेला माणूस रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, कारण त्याला तो नळ खरोखर घरी बसवायचा असतो. आता शेजारी भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू आहे. सैफी बुरहाणी ट्रस्टनं 2009 मध्ये हाती घेतलेला हा प्रकल्प साडेसोळा एकरांचा आहे. जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. तिथल्या लोकांना पक्की घरं मिळणं गरजेचंच होतं. फक्त चादर पसरायला जागा कुठं राहील, हे मनोऱ्याच्या नकाशात सहसा दिसत नाही.

पुण्यातही जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी भरणारा. तो ज्या चौकाशी भरतो त्या चौकाला शाहीर अमर शेखांचं नाव आहे. हे अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, आमच्या शेजारच्या गावचे. गिरणी कामगारांसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गाणाऱ्या शाहिराचं नाव कामगार-कष्टकऱ्यांच्या बाजारापाशी असावं, हे मला फार शोभून दिसतं.

रस्ता सोलापूर ते हैदराबाद

आता आमच्या भागाकडे येतो. अणदूर हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. पुढं काही कोसांवर नळदुर्ग. आमचा खंडोबासुद्धा वर्षातला मोठा काळ अणदूरला आणि थोडा काळ नळदुर्गला असतो, इतकी ही दोन गावं जवळची. जिल्ह्याला सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं नाव होतं. 2023 मध्ये ते बदलून धाराशिव झालं. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या रियासतीतले. जमिनीचे कागद उर्दूत, रुपया हाली, साल फसली. सोलापूर ब्रिटिशांचं. त्यामुळे नळदुर्गचा माणूस सोलापूरला बाजाराला निघाला की वाटेत त्याचा रुपया बदलायचा. सात हाली रुपयांचे साधारण सहा कलदार यायचे.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य याच रस्त्यानं आलं. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि नळदुर्गला पहिली लढाई झाली. पाच दिवसांत हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. ते सामील होणं आवश्यक होतं. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो जुलूम केला तोही विसरण्यासारखा नाही, आणि त्यांच्या विरोधात उभे राहिलेल्यांत मुसलमानही होते. हैदराबादचे पत्रकार शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला तो याच कारणानं.

पण त्यानंतर जे झालं तेही इतिहासच आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात दौरा केला. खून आणि लुटालुटीची सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिनं जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. किमान 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज. हा अहवाल 2013 पर्यंत लोकांसमोर आला नाही. मेलेल्यांची मोजणी निदान अंदाजानं तरी झाली. लुटलेल्या आणि मातीमोल भावात विकलेल्या वस्तूंची कुणी केली नाही.

पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, जहागिरी रद्द झाल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. निजामाचं सैन्य विसर्जित झालं होतं, पोलीस आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या. जहागीरदार थोडे होते. त्यांच्या देवडीवर चालणारे मुनशी, शिपाई, खानसामे, शिंपी असंख्य होते. जहागीरदारानं झुंबर विकलं तर त्याची आठवण कुठंतरी लिहिली जाते. मुनशीच्या बायकोनं पानदान विकलं त्याची नोंद नाही. हैदराबादेत पुराना पुलाच्या बाजूला जुमेरात बाजार भरतो, गुरुवारचा, जुन्या सामानाचा. तिथं आजही एखादं उगालदान, तांब्याची देगची, नक्षीचं कुलूप दिसतं. विकणाऱ्याला त्याचा इतिहास माहीत नसतो, घेणाऱ्याला नको असतो.

माझी दादी सांगायची की त्या वर्षांत दारावर येऊन लोक वस्तू विकत. तिच्या सासूनं घरात एक कायदा केला होता : ‘दाम नै तो नक्को लेव, मगर मजबूर का मोल नक्को तोडो.’ घ्यायची ऐपत नसेल तर घेऊ नका, पण अडलेल्या माणसाचा भाव पाडू नका.

मोल पाडण्याबद्दल

माझ्या पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचं म्हणणं कुराणाला धरून होतं. मदयनच्या व्यापाऱ्यांकडे पाठवलेले पैगंबर शुऐब अलैहिस्सलाम यांची शिकवण कुराणात आहे. माप आणि तोल पुरा द्या, आणि लोकांच्या वस्तूंचं मोल कमी करू नका. पहिला भाग आपण दुकानदाराला सुनावतो. दुसरा भाग गिऱ्हाइकालाही लागू आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. फिकहच्या ग्रंथांत तर ‘बै-उल-मुज्तर’, म्हणजे अगतिक माणसानं केलेली विक्री, असा स्वतंत्र विषय आहे. अशा माणसाकडून पडेल भावात घेणं कितपत रास्त, यावर आलिमांनी चर्चा केली आहे.

जरीर बिन अब्दुल्लाह या सहाबींची गोष्ट यासाठी मला फार आवडते. त्यांच्या माणसानं एक घोडा तीनशे दिरहमला ठरवला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, तुझा घोडा यापेक्षा मोलाचा आहे, चारशेला देतोस का? मग पाचशे, असं करत त्यांनी स्वतःच भाव आठशेपर्यंत नेला. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, प्रत्येकाचं भलं चिंतेन असं वचन मी अल्लाहच्या रसूलना दिलं आहे. आपल्या घासाघिशीच्या सगळ्या शहाणपणाला ही गोष्ट उलटी टांगते.

दुसरा प्रसंग तर थेट जुन्या सामानाच्या लिलावाचा आहे. एक अन्सारी माणूस मदत मागायला आला. पैगंबर मुहम्मद स. यांनी विचारलं, घरात काही आहे? तो म्हणाला, एक जाड कापड आहे, अर्धं अंगावर घेतो नि अर्धं अंथरतो, आणि पाणी प्यायचं एक लाकडी भांडं. त्यांनी ते आणवलं आणि लोकांसमोर स्वतः हर्रास केला. एकानं एक दिरहम म्हटलं. कोण जास्त देईल, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. दुसऱ्यानं दोन दिले. एका दिरहमचं घरी अन्न आणि दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी आपल्या हातानं बसवून दिला आणि सांगितलं, जा, लाकूड तोड, पंधरा दिवस इकडे येऊ नकोस. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. भाव वाढवण्याचा प्रयत्न स्वतः पैगंबरांनी केला, विकणाऱ्याच्या बाजूनं. आणि मागायला आलेला माणूस विकणारा म्हणून परत गेला.

किल्लारीचे कपडे

हा फरक मी शाळकरी वयात पाहिला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली उमरगा-सास्तूर बाजूची गावं दगडमातीखाली गेली. सुमारे आठ हजार माणसं मेली असा सरकारी आकडा आहे. त्यानंतर कित्येक दिवस अणदूरवरून मदतीचे ट्रक उमरग्याकडे जात होते. धान्य, औषधं, पत्रे आणि जुने कपडे. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले मला आठवतात. लुगडं नेसणाऱ्या बायकांसाठी मॅक्सी आणि फ्रॉक आले होते, धोतर नेसणाऱ्यांसाठी जीनच्या पॅंटी. पाठवणाऱ्यांची नियत चांगली होती. पण घरची चार-चार माणसं पुरलेल्या बाईनं त्या ढिगात हात घालावा कसा? बरेच कपडे पावसात तसेच कुजले.

याच भागात आठवडी बाजारात जुने कपडे पाच-दहा रुपयांना विकायला बसायचे. तिथं हीच माणसं यायची, कपडा झटकून, शिवण पाहून, भाव करून घेऊन जायची. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. खिशातून पाच रुपये दिले की माणसाला निवडायचा आणि नाकारायचा हक्क मिळतो.

दान करणाऱ्या काही संस्थांना हे उमगलं. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमकडे दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी इतकं सामान दिलं की 1940 च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर त्यांनी दुकानच काढलं. आज तिकडं अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. कमी पगाराचा माणूस तिथं कोट विकत घेतो आणि त्याचा पैसा मदतीला जातो. आपल्याकडे 1999 मध्ये अंशू गुप्ता यांनी ‘गूंज’ सुरू केली. शहरातले जुने कपडे गावात फुकट वाटायचे नाहीत, गावानं आपली विहीर, रस्ता, तलाव दुरुस्त करायचा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी त्यांची रीत आहे. मला ही रीत त्या कुऱ्हाडीच्या घराण्यातली वाटते.

किलोच्या भावातले कागद

आता माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे कागदांची. जुन्या बाजारातला सगळ्यात स्वस्त माल उर्दूचा कागद आहे. कारण उघड आहे. उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं. 1917 मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या दारुल तर्जुमानं विज्ञान, कायदा, तत्त्वज्ञान, इतिहासाची शेकडो पुस्तकं उर्दूत आणली. 1948 नंतर विद्यापीठाचं माध्यम बदललं. 1956 मध्ये मराठवाडा भाषावार रचनेत मुंबई राज्यात आला, कचेरीची भाषा मराठी झाली. ते स्वाभाविकच होतं. पण एका पिढीत घरातला आजा उर्दू वाचणारा आणि नातू न वाचणारा अशी स्थिती झाली. आजा गेला की ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. तो ती वजनावर घेतो. दारुल तर्जुमाची पुस्तकं मी अबिड्सच्या फुटपाथवर चहाच्या पैशात घेतली आहेत.

पुस्तकांच्या प्रती निदान ग्रंथालयांत तरी आहेत. ट्रंकेतले कागद एकुलते एक असतात. सनद, मुन्तखब, निकाहनामा, शेतसाऱ्याच्या पावत्या. मुन्तखब म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर निजाम सरकारनं दिलेला दाखला. दर्गा, मशीद, कब्रस्तान, तसंच देवस्थानांच्या इनामी जमिनींच्या खटल्यांत तो आजही महत्त्वाचा पुरावा ठरतो. माझ्या पाहण्यात एका गावच्या कब्रस्तानाची तक्रार वर्षानुवर्षं चालली, आणि तिथल्या मुजावराच्या घरातली कागदांची पेटी त्याआधीच भंगारात गेलेली होती. पेटीचे किती आले विचारलं तर उत्तर आलं, पेटी लोखंडी होती म्हणून बरे आले, कागदाचे काही नाही.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. 2023 मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. त्या निजामकाळच्या, म्हणजे उर्दूत आणि मोडीत. हैदराबादपर्यंत शोध गेला. त्या महिन्यांत उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. माझ्याकडेही आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून यायचे. ‘सर, एवढं वाचून सांगा, आजोबाचं आहे.’ कागदावरचं फसली साल मी त्यांना सोडवून दाखवायचो. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतं, 1340 फसली म्हणजे 1930 च्या आसपास. पणजोबाचं नाव मोठ्यानं वाचलं की माणूस उठून उभा राहायचा. त्याच कागदाला त्याच घरात पाच वर्षांपूर्वी किलोचा भाव होता.

जुन्या बाजारात जाणं मी बंद करणार नाही, वाचकांनीही करू नये. गरिबाचा संसार त्यावर उभा राहतो, चांगली वस्तू वाया जात नाही आणि चादर पसरणाऱ्याचं पोट भरतं. फक्त अडलेल्याकडून घेताना पणजीचा कायदा लक्षात ठेवावा. दुकानदार सांगत असेल तर वस्तू कुठून आली ते विचारावं आणि चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूतच ठेवावं : गाव, घराणं, साल. आणि आपल्या घरातली जुनी ट्रंक विकायची वेळ आली तर आधी ती उघडावी. उर्दू किंवा मोडीतला एकही कागद, वाचता येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय आणि मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. धाराशिव जिल्ह्यात कुणाला उर्दूचा कागद वाचून हवा असेल तर मी वाचून देतो. पैसे लागत नाहीत, कागद मात्र रद्दीवाल्याकडे जाण्याआधी यावा.